९ रात्रींत ७ शहरं?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या स्वतः, यजमान, १३ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असे चौघं पहिल्यांदाच परदेशी फिरायला निघणार आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं, जूनच्या सुरुवातीला परत यायचं. जाणं-येणं धरून १२ दिवस, त्यातल्या दोन रात्री विमानात. बेत असा: लंडन आणि पॅरिसला दोन-दोन रात्री, मग ब्रसेल्स, आम्सटरडॅम, इंटरलाकेन (स्वित्झर्लंड), व्हेनिस आणि रोमला एकेक. यजमानांना लंडन-पॅरिस हवं, मुलाला रोमचं कलोसियम. सासूबाईंनी एवढंच सांगितलंय की त्यांना बर्फ बघायचाय. त्यांचे गुडघे दुखतात. ताई लिहितात: "एवढा खर्च करून जायचं तर सगळं बघूनच यावं ना? पुन्हा कुठे जाणं होणार! माझ्या जाऊबाई १० दिवसांत ६ देश करून आल्या. पण वेळापत्रक मांडायला बसले की माझा जीव घाबरा होतो. हे म्हणतात, एवढा ताप नकोच, सरळ ग्रुप टूर घेऊ. आमचा बेत जमण्यासारखा आहे का?"

ताई,

गाड्या वेळेवर धावल्या आणि चौघांपैकी कुणीही आजारी पडलं नाही, तर या सातही शहरांत तुम्ही पोहोचाल. तिथे पोहोचल्यावर बघायला किती वेळ उरेल, हा प्रश्न वेगळा आहे. तुमचा जीव घाबरा होतोय तो तुम्हाला नियोजन जमत नाही म्हणून नव्हे. वेळापत्रकात कुठेतरी हिशेब लागत नाहीये हे तुमच्या मनाला आधीच कळलंय, असं मला वाटतं.

तो हिशेब सोपा आहे. एका ठिकाणी जितक्या रात्री मुक्काम, त्यातून एक वजा केली की तिथले पूर्ण दिवस मिळतात. पोहोचायचा दिवस आणि निघायचा दिवस हे दोन्ही तुटक असतात. म्हणजे लंडनच्या २ रात्रींत एक पूर्ण दिवस, पॅरिसच्या २ रात्रींत एक. बाकी पाच ठिकाणी एकेक रात्र, तिथे शून्य. सगळ्या बेताची बेरीज: ९ रात्री, ७ मुक्काम, पूर्ण दिवस फक्त २. उरलेला सगळा वेळ बॅगा भरणं, स्टेशन गाठणं आणि हॉटेलची खोली मिळायची वाट बघणं यात जाणार.

सासूबाईंच्या बर्फाचं तुमच्या बेतात काय होतं ते बघू, कारण तिथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. आम्सटरडॅमहून सकाळी आठला हॉटेल सोडलंत, तर रेल्वेने बासेलमार्गे इंटरलाकेनला जायला ८ ते ९ तास लागतात. पोहोचेपर्यंत संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाच्या डोंगरावर, युंगफ्राउयोखला निघालात की वर जायला दीड ते दोन तास, वर दोन तास, उतरायला पुन्हा तेवढेच. दुपारी दोनच्या सुमारास खाली याल, हॉटेलात ठेवलेल्या बॅगा घ्याल आणि व्हेनिसची वाट धराल. मध्ये दोनदा गाडी बदलून हा प्रवास सहा तासांच्या आसपासचा. रात्री नऊ-दहाला व्हेनिसच्या स्टेशनबाहेर पडाल, तेव्हा समोर रस्ता नसेल, कालवा असेल. व्हेनिसमध्ये मोटारी नाहीत. बोटीने जवळच्या धक्क्यावर उतरायचं आणि पुढे चालत जायचं. वाटेत पूल येतात आणि पुलांना पायऱ्या असतात. चार बॅगा, अंधार, आणि सकाळी ३४५४ मीटर उंचीवर जाऊन आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. दुसऱ्या दिवशी रोमला निघायचं, तोही चार तासांचा रेल्वेप्रवास. आणि एवढं करून त्या एकमेव सकाळी डोंगरावर ढग उतरले असतील, तर वर पांढऱ्या धुक्याशिवाय काहीच दिसणार नाही. दुसरी संधी बेतात ठेवलेलीच नाही.

त्या माउलीने एकच गोष्ट मागितली आहे. ती या बेतात सगळ्यात कच्ची आहे.

आता तुमच्या वाक्याकडे येते: "पुन्हा कुठे जाणं होणार." यामागची कळकळ मला समजते. वर्षानुवर्षं साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार असतात, तेव्हा काही सुटू नये असं वाटणारच. पण काहीतरी सुटणार आहे हे आत्ताच ठरलेलं आहे, कारण रात्री ९ आहेत. काय सोडायचं ते तुम्ही शांतपणे घरी बसून ठरवायचं, की दमलेल्या अवस्थेत एखाद्या फलाटावर, एवढंच तुमच्या हातात आहे. जाऊबाईंशी तुलना करू नका असं मी म्हणणार नाही, घरात ती होतेच. फक्त त्यांना पुढच्या वेळी देश किती झाले हे विचारण्याऐवजी कुठल्या जागी अर्धा दिवस निवांत मिळाला ते विचारा. त्यांचं उत्तर तुम्हाला उपयोगी पडेल.

मी तुमच्या जागी असते तर सगळ्यात आधी लंडन सोडलं असतं. यजमानांना वाईट वाटेल हे ठाऊक आहे, तरीही. तुमच्या यादीतले बाकी पाच देश शेंगेन या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यांना एकच व्हिसा चालतो. ब्रिटनचा व्हिसा निराळा. त्याचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळं, बोटांचे ठसे वेगळे, आणि हे सगळं चौघांसाठी. एका पूर्ण दिवसासाठी एवढा व्याप करण्यापेक्षा लंडन कधीतरी सलग आठवडाभर बघण्याचं शहर आहे.

ब्रसेल्स तुमच्या यादीत पॅरिस-आम्सटरडॅमच्या वाटेवर येतं म्हणून आलंय असं दिसतं. घरातल्या कुणीही ते मागितलेलं नाही. आम्सटरडॅमसमोर तुम्ही "ट्युलिपच्या बागा" असं लिहिलंय. तिथली ट्युलिपची प्रसिद्ध बाग, क्युकेनहॉफ, साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. तुम्ही पोहोचाल तेव्हा ती बंद झालेली असेल. म्हणजे तिथे जायचं मुख्य कारणच उरत नाही. व्हेनिस सोडताना मात्र मला खरोखर जड जातंय. पण रात्री दहाला पोहोचून सकाळी निघण्यात व्हेनिसचं काही हाती लागत नाही.

मग उरतं पॅरिस, इंटरलाकेन आणि रोम. प्रत्येकी ३ रात्री. ९ वजा ३, पूर्ण दिवस ६. यजमानांचं पॅरिस, सासूबाईंचा बर्फ आणि मुलाचं कलोसियम यात बसतं. विमानाचं तिकीट जाताना पॅरिसचं आणि येताना रोमहून घ्या. बुकिंग करताना "मल्टी-सिटी" हा पर्याय निवडला की असं तिकीट मिळतं, आणि परत पॅरिसला जाण्याचा अख्खा दिवस वाचतो. पहिल्यांदा जाणारे बरेच जण सवयीने रिटर्न तिकीट काढतात आणि शेवटचा दिवस आल्या वाटेने परतण्यात घालवतात.

पॅरिसला उतरायच्या दिवशी काहीही ठरवू नका. हॉटेलजवळ फिरा, नदीकाठी बसा. मेअखेरीला तिथे रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे आयफेल टॉवर संध्याकाळी उशिरा ठेवला तरी चालतो. सासूबाईंसाठी दुसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट आहे. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं आणि ओर्से संग्रहालय सोमवारी, तेव्हा तुमचे दोन पूर्ण दिवस कोणत्या वारी येतात ते तिकीट काढण्याआधी बघा. पॅरिसच्या मेट्रोत बहुतेक स्थानकांवर लिफ्ट नाही, जिने पुष्कळ. बसने फिरा. बसमध्ये चढायला सोपं पडतं आणि शहरही दिसतं. त्याच सुमारास तिथे फ्रेंच ओपन टेनिस चालू असतं, हॉटेलं लवकर भरतात, म्हणून पॅरिसची खोली सर्वांत आधी धरा. घेताना लिफ्ट आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. जुन्या इमारतींतल्या हॉटेलांत ती नसते, किंवा असली तरी दोन माणसं आणि एक बॅग यापलीकडे काही मावत नाही.

पॅरिसहून इंटरलाकेन बासेलमार्गे साडेपाच तासांच्या आसपास. गाडी गार द लियों या स्टेशनातून सुटते. पॅरिसमध्ये मोठी स्टेशनं बरीच आहेत, तिकिटावरचं नाव नीट वाचा.

इंटरलाकेनचे दोन पूर्ण दिवस हा या सहलीचा जीव आहे. युंगफ्राउयोखचा दिवस आधीपासून पक्का करू नका. वरचे कॅमेरे इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात. सकाळी उठल्याबरोबर तिथलं चित्र बघा, स्वच्छ दिसलं तर निघा, नाहीतर तो दिवस तलावातल्या बोटीला आणि लाउटरब्रुनेनच्या धबधब्यांना द्या, डोंगर दुसऱ्या दिवशी. दोन्ही दिवस ढगाळ निघू शकतात, याची हमी कुणी देऊ शकत नाही. पण एका सकाळीवर सगळं टांगून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ग्रिंडेलवाल्डहून २०२० साली सुरू झालेल्या आयगर एक्स्प्रेस या गोंडोलाने (केबल कारने) गेलात तर तो टप्पा १५ मिनिटांत होतो, पुढे डोंगराच्या पोटातून जाणारी रेल्वे आहे. सासूबाईंना रक्तदाब किंवा श्वासाचा त्रास असेल तर साडेतीन हजार मीटरवर जाण्याआधी डॉक्टरांना नक्की विचारा. वर गेल्यावर पावलं हळू टाकायची, पाणी पीत राहायचं. डॉक्टर नको म्हणाले तर शिल्टहॉर्न हे शिखर आहे, २९७० मीटर. कमी उंचीवरूनही बर्फाची शिखरं समोर दिसतात, त्यामुळे त्यांचा हट्ट पुरा होईल. स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेचा पास किंवा हाफ फेअर कार्ड घेतलंत तर आई-वडिलांसोबत फिरणाऱ्या १६ वर्षांखालच्या मुलासाठी फॅमिली कार्ड मोफत मिळतं. मुलाचं तेवढं भाडं वाचतं.

या बेतातली अवघड जागा मी लपवत नाही. इंटरलाकेन ते रोम हा दिवस पूर्ण प्रवासाचा आहे. श्पीत्स आणि मिलानला गाडी बदलून सात तास सहज. विमानाने वेळ वाचेल असं वाटतं, पण झुरिकचा विमानतळ तिथून दोन तासांवर, दोन तास आधी पोहोचायचं, दीड तास उड्डाण, आणि रोमच्या विमानतळावरून शहरात यायला आणखी अर्धा-पाऊण तास. बेरीज तिथल्या तिथेच येते. रेल्वेत निदान सासूबाईंना पाय पसरता येतील आणि खिडकीतून आल्प्स मागे पडताना दिसेल. त्या संध्याकाळी रोममध्ये फक्त जेवण आणि झोप.

हा लांबचा दिवस तुम्हाला नकोसा वाटला, तर एक वेगळा बेत आहे. झुरिकला उतरा, इंटरलाकेनला ३ रात्री, मग व्हेनिस २, रोम ४. पॅरिस जातं, व्हेनिस मिळतं, प्रवासाचे टप्पे लहान होतात. यजमानांशी यावर मोकळेपणी बोला. मला पहिला बेत तुमच्या घरासाठी जास्त न्याय्य वाटतो, कारण त्यात तिघांनाही मागितलेलं काहीतरी मिळतं.

तिघांनाही, असं मी लिहिलं, कारण पत्र दोनदा वाचूनही तुम्हाला स्वतःला काय बघायचंय ते सापडलं नाही. सगळ्यांच्या इच्छा मांडल्यात, आपली लिहायची राहिली. कृपा करून ती ठरवा आणि कागदावर आणा. चित्रं बघायची असतील, बाजारात हिंडायचं असेल, एकटीने कॉफी घेऊन बसायचं असेल, काहीही. पॅरिस किंवा रोममधली एक दुपार तुमच्या नावाने मोकळी ठेवा आणि त्या वेळी सासूबाई आणि मुलगा यजमानांबरोबर राहतील हेही आत्ताच ठरवून टाका.

रोमबद्दल थोडंच. २ जूनला इटलीचा प्रजासत्ताक दिन असतो आणि संचलन कलोसियमजवळच्या रस्त्यावरून जातं. तुम्ही त्या दिवशी तिथे असाल तर कलोसियम दुसऱ्या दिवशी ठेवा. त्याची तिकिटं नावानिशी निघतात, प्रवेशाला पासपोर्ट लागतो. १८ वर्षांखालच्या मुलाला शुल्क नाही, पण त्याचंही शून्य रकमेचं तिकीट आधी काढावं लागतं. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे हवेत.

दिवसाला तिकिटाची, ठरलेल्या वेळेची एकच गोष्ट ठेवा. दुसरी घातलीत की पहिली बघताना लक्ष घड्याळाकडे जातं.

व्हिसाकडे आता वळू, कारण शहरं कमी केल्याचा तिथेही फायदा होतो. शेंगेनचा अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. दिवस सारखेच असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. तुमच्या ३-३-३ च्या बेतात म्हणूनच फ्रान्स. रोम ४ रात्रींचा बेत घेतलात तर व्हेनिस धरून इटली. अर्ज निघण्याच्या ६ महिने आधीपासून करता येतो, १५ दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर नाही. निकाल साधारण १५ दिवसांत येतो, पण काही वेळा ४५ दिवसही लागतात, आणि उन्हाळ्याच्या आधी अपॉइंटमेंट मिळणंच कठीण होतं. म्हणून निघण्याच्या तीन-चार महिने आधी सगळं तयार ठेवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट परतण्याच्या तारखेनंतर निदान ३ महिने वैध आणि गेल्या १० वर्षांत काढलेला असावा. चौघांचेही पासपोर्ट आजच उघडून तारखा बघा. मुलांचे पासपोर्ट लवकर संपतात आणि नेमके तेच विसरले जातात.

ग्रुप टूरचा यजमानांचा विचार मोडीत काढण्यासारखा नाही. भाषा, बॅगा, जेवण, रस्ता चुकणं, या सगळ्याची काळजी दुसरा घेतो, आणि पहिल्या खेपेला ज्यांना तेवढंच हवं असतं त्यांनी टूर घ्यावी. पण टूरच्या माणसाला काही गोष्टी लेखी विचारा. कोणत्या रात्री कोणत्या गावात मुक्काम, ते हॉटेल शहरात की बाहेर ३० किलोमीटरवर? पत्रकातल्या प्रत्येक ठिकाणी प्रवेश आहे, की "फोटो स्टॉप"? "ओरिएंटेशन टूर" असं लिहिलेलं असेल तर ते शहर बहुतेक बसच्या खिडकीतून दिसणार. रोज किती तास बसमध्ये? डोंगरावर ढग असले तर दिवस बदलतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा नाही असंच येईल. सासूबाईंच्या दृष्टीने ते महत्त्वाचं आहे.

हा बेत वाचणाऱ्या इतरांच्या घरी सासूबाई नसतील, पॅरिसऐवजी टोकियो किंवा बँकॉक असेल. रात्रींतून मुक्काम वजा करण्याचा हिशेब तिथेही तसाच चालतो. मला विचाराल तर पूर्ण दिवस एकूण रात्रींच्या निम्म्याहून कमी आले की एक शहर कमी करावं. बरोबर लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर दोन तृतीयांशाखाली जाऊ नये. आणि यादीतल्या प्रत्येक शहरापुढे ते कुणासाठी आहे त्या माणसाचं नाव लिहावं. ज्याच्यापुढे नाव येत नाही ते शहर पहिलं खोडावं.

बुकिंगचा क्रम तेवढा सांभाळा. हॉटेलं आत्ताच, पण रद्द करता येतील अशी. विमानाच्या तिकिटाची बदलण्या-रद्द करण्याची अट वाचूनच पैसे भरा, आणि त्याच वेळी सासूबाईंसाठी व्हीलचेअरची मदत नोंदवा. विमानतळांवर चालणं फार असतं, "मला नको" असं त्या म्हणाल्या तरी नोंदवून ठेवा. मग व्हिसा. तो हातात आला की त्याच दिवशी इंटरलाकेन आणि रोमची रेल्वे तिकिटं काढा. स्वस्त तिकिटं आधी संपतात आणि ती बहुधा परत करता येत नाहीत, म्हणून व्हिसाच्या आधी घेऊ नका आणि नंतर रेंगाळू नका. कलोसियम, लूव्र आणि आयफेल टॉवरची विक्री कधी उघडते ते त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर बघून तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. हे काम मुलाकडे सोपवा, १३ वर्षांच्या मुलाला ते सहज जमेल.